सर्व्हरचा पत्ता बदलला, पण जावाला कोण सांगणार?

रात्रीचे दोन वाजले आहेत. एका कंपनीचा मुख्य डेटाबेस सर्व्हर बंद पडतो. अशा वेळेसाठी दुसरा सर्व्हर तयार ठेवलेला असतो. तो मिनिटभरात पहिल्याची जागा घेतो आणि डेटाबेसच्या नावापुढे आता नव्या यंत्राचा पत्ता लागतो. ड्युटीवरचा इंजिनीअर टर्मिनल उघडून नाव तपासतो. पत्ता नवा दिसतो, पिंगला उत्तरही येते. ग्राहकांच्या मोबाइलवर मात्र अजून ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ हाच संदेश झळकतो आहे, कारण मधला जावा प्रोग्रॅम जुन्याच पत्त्याचे दार ठोठावत बसला आहे. पाच मिनिटे जातात, पंधरा जातात. शेवटी कोणीतरी म्हणते, एकदा रीस्टार्ट करून बघू. रीस्टार्ट करताच सगळे सुरळीत.

प्रसंग काल्पनिक आहे, पण ज्यांनी जावावर चालणाऱ्या यंत्रणा सांभाळल्या आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात बहुधा ‘नेटवर्कची तात्पुरती अडचण’ असे लिहिले जाते आणि विषय मिटतो. खरे तर नेटवर्क ठीक होते, नवा डेटाबेस ठीक होता आणि नावापुढचा पत्ताही बरोबर होता. जावाने तो पत्ता पुन्हा विचारलाच नव्हता. एकदा मिळालेले उत्तर किती वेळ धरून ठेवायचे याचा एक आकडा जावामध्ये असतो. तो कुठून आला आणि कुठे बदलायचा, याची ही गोष्ट आहे.

नाव वेगळे, पत्ता वेगळा

संगणक एकमेकांशी बोलतात ते आयपी पत्त्याने, म्हणजे २०३.०.११३.१० अशा आकड्यांनी. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे दिली जातात. सुरुवातीच्या काळात सगळ्या यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच मजकूर-फाइलमध्ये असत. अमेरिकेतली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती फाइल सांभाळायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रे वाढली तशी ही वहीपद्धत कोलमडू लागली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस या व्यवस्थेचा आराखडा मांडला. नावाचा पत्ता ज्याच्या अखत्यारीत आहे त्यालाच विचारायचा, अशी ही विभागलेली व्यवस्था आहे.

पण प्रत्येक वेळी मूळ मालकापर्यंत जाऊन विचारणे परवडणारे नाही. म्हणून डीएनएसच्या प्रत्येक नोंदीसोबत एक मुदत येते, तिला टीटीएल म्हणतात. ती सेकंदांत असते. टीटीएल ६० असेल तर त्याचा अर्थ, ‘हे उत्तर ६० सेकंद जपून ठेवा, त्यानंतर पुन्हा विचारा’. असे जपून ठेवणे म्हणजे कॅश. (मराठीत लिहिताना याची आणि रोकडीची गल्लत होते, त्याला इलाज नाही. इथली कॅश म्हणजे हाताशी ठेवलेली प्रत.) नोंदीचा मालक मुदत ठरवतो आणि मधल्या यंत्रणा ती पाळतात. पत्ता लवकरच बदलणार हे मालकाला ठाऊक असेल तर तो मुदत आधीच कमी करून ठेवतो.

जावा मात्र ही मुदत पाळत नाही. अधिक नेमके सांगायचे तर, जावाला ती दिसतच नाही.

मुदत वाटेत कुठे गळते?

जावा प्रोग्रॅमला एखाद्या नावाचा पत्ता हवा असतो तेव्हा तो ‘आयनेटअॅड्रेस’ या क्लासकडे जातो. हा क्लास स्वतः डीएनएसशी बोलत नाही. तो खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. लिनक्स असो वा मॅक, त्यासाठी ‘गेट-अॅड्र-इन्फो’ नावाचे एक ठरलेले फंक्शन आहे. या फंक्शनला नाव द्यायचे, ते पत्त्यांची यादी परत देते. फक्त पत्ते. सोबत आलेली मुदत देण्याची सोय त्यात नाही. डीएनएसच्या उत्तरात ६० सेकंद लिहिलेले असतात, ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत ते पोचतात, आणि तिथून वर जाताना गळून पडतात. दुधाच्या पिशवीवरची तारीख ग्राहकाच्या हातात पिशवी देण्याआधीच खरवडून काढावी, तसे काहीसे.

यात फंक्शनची चूक म्हणता येत नाही. नाव कुठून सोडवले गेले हे वरच्या प्रोग्रॅमला कळू नये असाच त्याचा हेतू आहे. उत्तर डीएनएसमधून आले असेल किंवा त्याच यंत्रावरच्या ‘होस्ट्स’ फाइलमधून, आणि होस्ट्स फाइलमधल्या ओळीला मुदत नसतेच.

मग प्रोग्रॅमिंगच्या व्यासपीठाकडे दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे काहीच जपून ठेवायचे नाही, दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायचे. पायथॉन, गो आणि नोड.जेएस यांनी हा मार्ग घेतला. त्यांच्या मूळ सुविधांमध्ये पत्त्यांची स्वतःची कॅश नाही. दुसरा म्हणजे अंदाजाने एक आकडा ठरवून तेवढा वेळ उत्तर जपायचे. जावाने हा मार्ग घेतला. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्येही अशी मुदत आहे आणि ती मुळात २ मिनिटांची आहे.

जावाचा आजचा मूळ आकडा ३० सेकंद आहे. एकेकाळी मात्र तो ‘कायमचे’ असा होता. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर एखादे नाव एकदा सोडवले की तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत तोच पत्ता. सर्व्हरवरचे प्रोग्रॅम महिनोन्महिने चालतात हे लक्षात घेतले तर हा निर्णय आज वेडेपणाचा वाटतो. पण त्यामागे एक हल्ला होता.

प्रिन्स्टनचा हल्ला

१९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने जावा जगापुढे आणली ती प्रामुख्याने ॲप्लेटमुळे गाजली. ॲप्लेट म्हणजे वेबपानासोबत उतरून ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम. अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालू द्यायचा, तर त्याला कुंपण हवेच. जावाने घातलेला एक नियम असा होता की ॲप्लेट ज्या सर्व्हरवरून आला, फक्त त्याच सर्व्हरशी त्याने बोलावे.

फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील ड्र्यू डीन, एडवर्ड फेल्टन आणि डॅन वॉलक यांनी या कुंपणाला भोक असल्याचे दाखवले. ‘तोच सर्व्हर’ हे जावा ठरवत होती नावावरून, आणि नावाचे उत्तर द्यायचे काम नावाच्या मालकाकडे. मालकच हल्लेखोर असेल तर? तो आपल्या नावाला दोन पत्ते लावू शकतो, एक स्वतःच्या सर्व्हरचा आणि दुसरा बळी पडणाऱ्या कंपनीच्या आतल्या एखाद्या यंत्राचा. कंपनीतला कर्मचारी वेबपान उघडतो, ॲप्लेट त्याच्या यंत्रावर येतो, म्हणजे फायरवॉलच्या आत पोचतो. मग तो ‘माझ्याच सर्व्हरशी बोलतोय’ असे म्हणत आतल्या यंत्राशी जोडणी करतो. नाव तेच असल्यामुळे जावा हरकत घेत नाही. घराच्या दारावरचा रखवालदार पाहुण्याचे नाव विचारतो, पण त्या नावाचा माणूस कोण हे पाहुण्यालाच ठरवू देतो, असा हा प्रकार होता.

५ मार्च १९९६ रोजी अमेरिकेतील सर्ट या सुरक्षा केंद्राने त्याबद्दल इशारा प्रसिद्ध केला. नेटस्केप आणि सन या दोघांनीही दुरुस्ती केली. जावाच्या कागदपत्रांत पुढे अनेक वर्षे असे स्पष्ट लिहिलेले असे की सिक्युरिटी मॅनेजर लावलेला असेल तर नावाचे उत्तर कायमचे जपले जाते, ते डीएनएसमधल्या फसवणुकीपासून बचाव व्हावा म्हणून. नाव एकदा एका पत्त्याशी बांधले की मधेच दुसरा पत्ता सरकवता येत नाही. ब्राउझरमधल्या ॲप्लेटसाठी हा उपाय योग्यच होता. ॲप्लेट दहा मिनिटे चालणार, तेवढ्यात सर्व्हरचा पत्ता बदलतो कशाला?

पण जावाचा संसार ब्राउझरमध्ये राहिला नाही. ती बँका, विमा कंपन्या आणि दूरसंचार यंत्रणांच्या सर्व्हरवर जाऊन बसली. तिथे ना अनोळखी ॲप्लेट होता ना हल्लेखोराचे वेबपान, पण ‘कायमचे’ हा नियम सोबत आला. डिसेंबर २००६ मध्ये आलेल्या जावा ६ पासून त्यात फरक झाला. सिक्युरिटी मॅनेजर नसेल तर ३० सेकंद, असेल तर कायमचे. बहुतेक सर्व्हर सिक्युरिटी मॅनेजरशिवायच चालतात, म्हणजे त्यांच्यासाठी प्रश्न बराचसा तेव्हाच सुटला होता. तरीही ‘जावा डीएनएसचे उत्तर कायमचे जपते’ हे वाक्य आजही सल्ल्यांमध्ये जसेच्या तसे फिरताना दिसते. ते अर्धे खरे आहे आणि दिवसेंदिवस कमी खरे होत चालले आहे. २०२१ साली जावा १७ मध्ये सिक्युरिटी मॅनेजर निवृत्तीच्या वाटेवर असल्याचे जाहीर झाले आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ मध्ये तो कायमचा बंद झाला. जुन्या आवृत्त्यांवर, सिक्युरिटी मॅनेजर लावून चालणाऱ्या यंत्रणा मात्र अजून आहेत, आणि सुरुवातीला सांगितलेली रात्र बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. किंवा मग कोणीतरी वर्षांपूर्वी हा आकडा हाताने बदलून ठेवलेला असतो आणि ती व्यक्ती आता दुसऱ्या कंपनीत असते.

आकडा बदलायचा कुठे?

इथे सर्वांत जास्त लोक फसतात. या आकड्याच्या सेटिंगचे नाव आहे ‘नेटवर्कअॅड्रेस.कॅश.टीटीएल’. (फाइलमध्ये ते रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरे वापरून लिहितात.) जावाच्या बहुतेक सेटिंग प्रोग्रॅम सुरू करण्याच्या कमांडमध्ये ‘-डी’ हा पर्याय लावून देता येतात. त्यामुळे स्वाभाविकपणे हेही तसेच दिले जाते. जावा कुरकुर करत नाही, चूक दाखवत नाही, प्रोग्रॅम व्यवस्थित सुरू होतो. सेटिंगचा परिणाम मात्र शून्य. कारण ‘-डी’ने सिस्टिम प्रॉपर्टी ठरते आणि हे नाव आहे सिक्युरिटी प्रॉपर्टीचे. दोघींची खाती वेगळी आहेत. एकीच्या खात्यात भरलेले दुसरीला दिसत नाही. उगम सुरक्षेच्या प्रश्नात असल्यामुळे सेटिंगही सुरक्षेच्या खात्यात गेले, एवढाच त्याचा अर्थ. पण या शांतपणे दुर्लक्ष करण्यामुळे किती संघ ‘आम्ही तर १० सेकंद ठेवले आहेत’ अशा समजुतीत वावरत असतील, कोण जाणे.

चालणारे मार्ग असे. जावाच्या स्थापनेत ‘जावा.सिक्युरिटी’ नावाची फाइल असते, जावा ९ पासून ती ‘कॉन्फ’ फोल्डरमधल्या ‘सिक्युरिटी’ या फोल्डरमध्ये सापडते. तिच्यात या सेटिंगची ओळ आधीच असते, पण पुढे हॅश चिन्ह असल्याने ती निष्क्रिय असते. तिथे उणे १ हा आकडा दिसतो आणि अनेकांना वाटते की तोच लागू आहे. तसे नाही. चिन्ह काढून आकडा लिहिला तरच तो लागू होतो. उणे १ म्हणजे कायमचे, ० म्हणजे अजिबात जपू नका, आणि बाकी कुठलाही धन आकडा म्हणजे तेवढे सेकंद.

या मार्गाची अडचण अशी की ती फाइल जावाची आहे, प्रोग्रॅमची नव्हे. त्या यंत्रावरच्या त्याच जावावर चालणारे सगळे प्रोग्रॅम बदलतात आणि जावाची नवी आवृत्ती टाकली की बदल पुसला जातो. त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे आपली छोटी वेगळी फाइल करायची आणि ‘जावा.सिक्युरिटी.प्रॉपर्टीज’ या सिस्टिम प्रॉपर्टीने तिचा रस्ता द्यायचा. ही मात्र ‘-डी’ लावून चालते. जावा आधी मूळ फाइल वाचते, मग आपली. कंटेनरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी हे सोयीचे पडते.

तिसरा मार्ग कोडमध्ये आहे, ‘सिक्युरिटी’ क्लासची ‘सेटप्रॉपर्टी’ ही मेथड. तिची अट अशी की हाक अगदी सुरुवातीला मारली पाहिजे. जावा हा आकडा एकदाच वाचते, पत्त्यांशी संबंधित क्लास पहिल्यांदा वापरात येतो तेव्हा. त्याआधी एखाद्या लॉगिंग किंवा मॉनिटरिंग लायब्ररीने कुठलेही नाव सोडवले असेल, तर नंतरची हाक वाया जाते. पुन्हा तेच, चूक दाखवली जात नाही.

चौथा मार्ग जुना, खासगी आहे, ‘सन.नेट.आयनेटअॅड्र.टीटीएल’ नावाची सिस्टिम प्रॉपर्टी. तिच्या नावात अजून सन कंपनी आहे, जी २०१० मध्येच ओरॅकलने विकत घेतली. ही ‘-डी’ने चालते, पण वरची सिक्युरिटी प्रॉपर्टी कुठेही ठरवलेली नसेल तरच. पुढेमागे काढली जाईल असा इशारा जावाच्याच कागदपत्रांत आहे. घाईच्या वेळी उपयोगी, कायमच्या व्यवस्थेसाठी नाही.

मग किती ठेवावा?

पहिला विचार येतो तो शून्याचा. जपूच नये म्हणजे शिळे उत्तर मिळायला नको. पण याची किंमत आहे. समजा एक प्रोग्रॅम सेकंदाला ६०० नव्या जोडण्या करतो. प्रत्येक जोडणीआधी नाव विचारायचे, आणि एका नावामागे साधारणपणे दोन प्रश्न जातात, एक जुन्या धाटणीच्या आयपी पत्त्यासाठी आणि एक आयपीव्ही६ साठी. झाले सेकंदाला १,२०० प्रश्न. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये खासगी नेटवर्कचा जो डीएनएस सर्व्हर मिळतो, तो एका नेटवर्क इंटरफेसकडून सेकंदाला १,०२४ पॅकेटच स्वीकारतो. उरलेले प्रश्न वाऱ्यावर. मग नावे ‘सापडेनाशी’ होतात आणि ज्या रोगावर औषध म्हणून शून्य ठेवला त्याच्यासारखीच लक्षणे दिसू लागतात. हेच ५ सेकंद ठेवले, तर त्या एका नावासाठी दर ५ सेकंदांनी दोन प्रश्न जातात. ओझे नाहीसे होते. शून्य आणि पाच यांतला फरक पाच आणि तीसमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे, हे इथे ध्यानात घेण्यासारखे.

दुसऱ्या बाजूला उशिराचा हिशोब. नोंदीची मुदत ६० सेकंद आहे असे धरू. पत्ता बदलला त्याच्या क्षणभर आधी मधल्या डीएनएस सर्व्हरने जुना पत्ता घेतला, म्हणजे तो पुढची ६० सेकंद जुनाच देणार. एकोणसाठाव्या सेकंदाला जावाने त्याला विचारले, जुना पत्ता मिळाला आणि तो ३० सेकंद जपला. एकूण ८९ सेकंद. म्हणजे मुदती एकमेकींत बेरजेने मिसळतात. नोंदीच्या मालकाने मुदत ५ सेकंदांवर आणली, तरी जावा ३० वर असेल तर मालकाची मेहनत वाया. ॲमेझॉनच्या ऑरोरा डेटाबेसच्या नावांची मुदत ५ सेकंद असते आणि जावासाठीही ॲमेझॉनचा सल्ला आता ५ सेकंदांचाच आहे. पूर्वी तो ६० होता.

ज्या ऑफिसातल्या सर्व्हरचे पत्ते वर्षानुवर्षे बदलत नाहीत, तिथे ३० सेकंदांना हात लावायची गरज नाही. क्लाउडमध्ये किंवा कुबरनेटिसमध्ये मात्र ‘१०’ने सुरू होणारे आतले पत्ते दिवसातून अनेकदा हात बदलतात. एका प्रोग्रॅमचा कंटेनर मरतो, नवा उठतो, त्याला वेगळा पत्ता मिळतो. आणि जुना पत्ता काही वेळाने तिसऱ्याच कुणाला दिला जातो. तेव्हा जपलेले उत्तर नुसते शिळे राहत नाही, ते चुकीच्या घरी नेऊन सोडते.

‘नाही’ हे उत्तरही जपले जाते

नाव सापडले नाही, तर तेही जावा लक्षात ठेवते. मूळ मुदत १० सेकंद. हेतू चांगला आहे, चुकीचे नाव हजार वेळा विचारून डीएनएसला त्रास देऊ नये. पण नवा सर्व्हर उभा राहायच्या आधीच प्रोग्रॅमने त्याचे नाव विचारले, तर सर्व्हर तयार झाल्यावरही काही सेकंद ‘नाही’ हेच उत्तर मिळत राहते. याची सिक्युरिटी प्रॉपर्टी वेगळी आहे, नावात ‘निगेटिव्ह’ असलेली. आणि इथे एक बारीक खोच आहे. ही ओळ मूळ फाइलमध्ये निष्क्रिय नसते, तिथे १० लिहिलेलेच असते. त्यामुळे तिच्या जोडीची जुनी खासगी सिस्टिम प्रॉपर्टी ‘-डी’ने दिली तरी लागू होत नाही. टीटीएलसाठी चालणारी युक्ती इथे चालत नाही.

याच्या उलट बाजूचा प्रसंग २० ऑक्टोबर २०२५ रोजी जगाने पाहिला. भारतात दिवाळीचे दिवस होते, दुपार होती. ॲमेझॉनच्या अमेरिकेच्या पूर्वेकडील केंद्रात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या नावापुढची डीएनएस नोंद स्वयंचलित यंत्रणेतल्या दोषामुळे रिकामी झाली. डेटाबेस चालू, पण त्याचा पत्ताच कोणाकडे नाही. अशा वेळी छोटी मुदत पाळणारे ग्राहक आधी अडकतात, कारण त्यांचे जपलेले चांगले उत्तर लगेच संपते. जावाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत यासाठी आणखी एक सेटिंग आले आहे, नावात ‘स्टेल’ म्हणजे शिळे असलेले. मुदत संपली आणि नवे उत्तर मिळवताना अपयश आले, तर जुने उत्तर आणखी इतके सेकंद चालवून घ्या, असा त्याचा अर्थ. आपणहून ते बंद असते. टीटीएल ५ आणि शिळ्याची मुदत त्याहून बरीच मोठी, ही जोडी बऱ्याच यंत्रणांना शोभेल. ताजे मिळत असेल तोवर ताजे, नाहीतर उपाशी राहण्यापेक्षा शिळे बरे.

स्वतःचाच पत्ता विचारला तर?

प्रोग्रॅमला कधीकधी आपल्याच यंत्राचा पत्ता हवा असतो, समजा इतर सर्व्हरना ‘मी इथे आहे’ असे कळवण्यासाठी. जावात त्यासाठी ‘गेट-लोकल-होस्ट’ ही मेथड आहे. तिची कॅश वेगळी आहे, ५ सेकंदांची, आणि तो आकडा जावाच्या कोडमध्येच लिहिलेला आहे. वरचे कुठलेही सेटिंग त्याला लागू होत नाही. लॅपटॉप घरच्या वायफायवरून ऑफिसच्या वायफायवर गेला तर पाच सेकंदांत नवे उत्तर मिळावे, अशी अपेक्षा.

पण ही मेथड नेटवर्क कार्डला विचारत नाही. ती यंत्राचे नाव घेते आणि ते नाव पुन्हा नेहमीच्या रस्त्याने सोडवते. डेबियन आणि उबंटूमध्ये होस्ट्स फाइलमध्ये यंत्राच्या नावापुढे बहुधा १२७.०.१.१ लिहिलेले असते, म्हणजे ‘मीच’. प्रोग्रॅम मग इतरांना अभिमानाने हा पत्ता कळवतो आणि ते बिचारे स्वतःच्याच यंत्रात त्याला शोधत बसतात. मॅकवर उलटी तऱ्हा. यंत्राचे नाव होस्ट्स फाइलमध्ये नसेल, तर काही आवृत्त्यांवर ही मेथड उत्तर द्यायला ५ सेकंद घेत असे आणि जावा प्रोग्रॅम उगाचच मंद सुरू होत. कॅशचे आकडे फिरवून यातले काहीच सुटत नाही. नेटवर्क इंटरफेसची यादी थेट मागून योग्य पत्ता निवडणे हाच तिथला उपाय आहे.

आकडा बदलूनही काही बदलले नाही?

असे होण्याची दोन कारणे वारंवार सापडतात. एक, जोडणी आधीच उघडी आहे. नाव फक्त नवी जोडणी करताना विचारले जाते. डेटाबेसच्या उघड्या जोडण्यांचा साठा ठेवणारी हिकारी-सीपी ही लायब्ररी एक जोडणी मुळात ३० मिनिटांपर्यंत वापरते. जुना सर्व्हर पूर्ण मेला तर त्या जोडण्या तुटतात, पण तो जिवंत राहून फक्त ‘दुय्यम’ झाला असेल, तर प्रोग्रॅम अर्धा तास त्याच्याशीच बोलत राहू शकतो. टीटीएल १ सेकंद असला तरीही. दोन, कोडमध्ये कोणीतरी सुरुवातीला पत्ता मिळवून तो ऑब्जेक्ट एका व्हेरिएबलमध्ये ठेवून दिला आहे. त्या ऑब्जेक्टला मुदत नसते. तो कायमचा तोच पत्ता सांगतो.

शंका फेडायला दहा ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. होस्ट्स फाइलमध्ये एक बनावट नाव आणि पत्ता लिहायचा. प्रोग्रॅमने दर दोन सेकंदांनी ते नाव सोडवून पत्ता आणि वेळ छापायची. तो चालू असतानाच फाइलमधला पत्ता बदलायचा आणि घड्याळ बघायचे. काहीही सेटिंग न करता साधारण ३० सेकंदांच्या आत नवा पत्ता दिसायला हवा. मग आपले सेटिंग लावून पुन्हा चालवायचा. ५ लिहिले असताना ३० लागले, तर आकडा चुकीच्या खात्यात भरला गेला आहे. आणि दहा मिनिटांनीही जुनाच पत्ता छापला जात असेल, तर ‘जावा.सिक्युरिटी’ फाइल उघडून कोणी आणि कधी उणे १ लिहून ठेवले ते शोधावे.